आखूड हाताचा अधिकार

मालनताई सुर्वे यांची आणि माझी पहिली भेट एका पँटमुळे झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची अशी सुरुवात संपादक मंडळाला कदाचित रुचणार नाही. ताईंना मात्र रुचेल, कारण ती पँट त्यांनीच शिवली होती आणि ती अजून माझ्या कपाटात आहे.

मी माळशिरस तालुक्यातला प्राथमिक शिक्षक. बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर माझी मोटारसायकल आदळली आणि कमरेखालचं शरीर असून नसल्यासारखं झालं. मग घरात व्हीलचेअर आली, नातेवाईक आले, त्यांचे उसासे आले. जुन्या पँटी मात्र निरुपयोगी झाल्या. खुर्चीत बसलं की त्या मागून खाली सरकायच्या आणि पुढून पोटाशी गोळा व्हायच्या. मागच्या खिशाच्या जाड शिवणीनं तर जखम केली, आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही. गावातल्या शिंप्यानं माप घ्यायला मला पलंगावर आडवं केलं त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी माझ्या पत्नीनं, सुनंदानं, कुठून तरी पत्ता काढला आणि मला सोलापुरात नवी पेठेच्या एका बोळातल्या ब्लाउजच्या दुकानात आणून सोडलं.

दुकानाला उंबरा नव्हता, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मशीनमागे एक बाई बसल्या होत्या, त्याही व्हीलचेअरवर. मशीनच्या मोटरचं पायाचं पॅडल त्यांनी टेबलावर बसवून घेतलं होतं आणि डाव्या कोपरानं त्या ते दाबत होत्या. गळ्यात टेप घालून त्या माझ्याजवळ आल्या. मला कुठं आडवं करणार, अशा तयारीत मी बसलो होतो.

"बसूनच माप घेऊ की," त्या म्हणाल्या. "पँट घालून तुमी बसणारच हाय न्हवं?"

त्यांनी माप घेतलं. पँट मागून चार बोटं उंच, पुढून खाली, मागचे खिसे रद्द, खिसा मांडीवर, आणि बुडाखाली येणारी शिवण बाजूला काढलेली. सुनंदाला त्यांनी हळूच जखमेबद्दल विचारलं, हातांवर भार देऊन मधून मधून उठायचं कसं ते मला दाखवलं, आणि ट्रायल शनिवारी, पण इथं नव्हे, हॉलवर या, असं सांगितलं. त्या हॉल म्हणाल्या तेव्हा मला मंगल कार्यालय वाटलं.

शनिवारी गेलो तर तो एका शाळेचा पत्र्याचा हॉल निघाला. आत मुलं जाळीचे मुखवटे घालून तलवारबाजी करत होती. एका कोपऱ्यात लोखंडी फ्रेमवर दोन व्हीलचेअर समोरासमोर जखडलेल्या होत्या. एकीत पांढरं जाकीट घातलेल्या मालनताई, दुसरीत त्यांचे प्रशिक्षक इनामदार सर. सर चांगले धडधाकट, पण ताईंना सराव द्यायचा म्हणून खुर्चीत बसलेले. ताईंनी मुखवटा वर केला, मला पँट घालून यायला आणि सरांच्या जागी बसायला सांगितलं. मी म्हणालो, मी पँट न्यायला आलोय.

"तेच की," ताई म्हणाल्या. "वाकून, वळून बगितल्याबगर पँटीचं कळतंय व्हय?"

मग मला जाकीट चढवलं, मुखवटा चढवला, हातात तलवार दिली, आणि ताईंनी माझ्या छातीवर, खांद्यावर, दंडावर टोक टेकवायचा सपाटा लावला. अपघातानंतर माझ्याशी इतक्या बिनधास्तपणे कुणी वागलं नव्हतं. मी घामाघूम झालो, चिडलो, पुढे वाकलो, मागे झुकलो, आणि एकदाचं माझं टोक त्यांच्या मनगटाला लागलं तेव्हा शाळेतल्या पोरासारखा ओरडलो. सुनंदा भिंतीला टेकून रडत होती. पँट तसूभरही सरकली नव्हती.

आमच्या तलवारबाजी मंडळाची ती रीत आजही आहे. नवा माणूस आला की आधी त्याची पँट शिवायची, मग तलवार द्यायची. बसायला नीट आलं नाही तर लढायचं कशावर, असा ताईंचा साधा हिशेब असतो.

ताई स्वतः या खेळात आल्या त्याही शिवणकामातूनच. त्या मूळच्या मोडनिंबच्या, शेतकरी कुटुंबातल्या. नीट चालायला लागण्याआधीच पोलिओनं दोन्ही पाय नेले. आईनं चौथीपर्यंत कडेवरून शाळेत पोचवलं. पुढं कडेवर मावेनात, तेव्हा सोलापूरच्या मावशीनं त्यांना आणून मशीनसमोर बसवलं. पस्तिशी ओलांडली तेव्हा नवी पेठेत त्यांच्या हाताला चांगलं नाव होतं. अशात एक दिवस इनामदार सर शाळेच्या मुलांसाठी सरावाची जाकिटं शिवून घ्यायला आले. दुसरा शिंपी असता तर नमुना ठेवून घेतला असता. ताई म्हणाल्या, टोक लागतं कुठं आणि किती जोरात, ते कळल्याशिवाय मी शिवणार नाही. त्या रिक्षा करून हॉलवर गेल्या, नमुन्याचं जाकीट स्वतः घातलं आणि एका मुलाला म्हणाल्या, मार. त्यानं घाबरत घाबरत मारलं. ताईंनी बगलेतली शिवण दुहेरी करायची हे जागच्या जागी ठरवलं, आणि मग सरांना म्हणाल्या, "आता मला बी द्या एक तलवार. मी बी मारून बगते."

सरांनी दिली, हे सरांचं मोठेपण. व्हीलचेअरवरची तलवारबाजी नावाचा खेळ जगात आहे, एवढंच तेव्हा सरांना ऐकून माहीत होतं. शिकवणारं सोलापुरात कुणी नव्हतं. कुठल्या तरी मासिकातला एक फोटो त्यांच्या हाती लागला. दोन खेळाडू खुर्च्यांवर, तलवारी भिडलेल्या, खाली लोखंडी सांगाडा. तो फोटो घेऊन सर आणि ताई एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडे गेले आणि तशी फ्रेम करवून घेतली. वेल्डर कामाचा पक्का. पुन्हा कधी हलणार नाही असे जोड त्यानं मारले.

फोटो मात्र खेळाडू पुढे झेपावलेले असताना, बाजूनं काढलेला होता. त्यात खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ दिसत होत्या, तशाच त्यानं बसवल्या. त्या फ्रेमवर ताई आणि सर, पुढं मी आणि आणखी काही जण, वर्षानुवर्षं सराव करत राहिलो. इतक्या जवळून वार चुकवायचा तर मागं झुकायला वेळच मिळत नाही. मनगटातल्या मनगटात वार परतवावा लागतो. आम्हाला वाटायचं, जगभर लोक असंच खेळतात.

पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत आमचे डोळे उघडले. तिथला प्रतिस्पर्धी आम्हाला पंढरपूर रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला बसल्यासारखा वाटला. आमचा प्रत्येक वार हवेत. सोलापूरचा अख्खा संघ पहिल्या फेरीत गारद झाला आणि नियम काय आहे ते आम्हाला तिथं कळलं. तो नियम इथं सांगायला हवा, कारण ताईंची सगळी कारकीर्द त्यावर उभी आहे.

या खेळात खुर्च्या जखडलेल्या असतात. पुढं धावता येत नाही, मागं पळता येत नाही. मोकळ्या हातानं खुर्ची धरायची आणि फक्त कमरेवरचं शरीर वापरायचं. म्हणून लढत सुरू होण्याआधी अंतर ठरवतात. एकानं तलवारीचा हात पूर्ण लांब करायचा, दुसऱ्यानं कोपर दुमडून बसायचं, आणि टोक त्या कोपराशी पोचेल तिथं खुर्च्या पक्क्या करायच्या. आता दोघांचे हात सारखे नसतात. तेव्हा कुणाच्या हातानं माप घ्यायचं? नियम सांगतो, ज्याचा हात आखूड, त्यानं ठरवायचं. हवं तर स्वतःच्या हातानं जवळचं अंतर घ्यावं, हवं तर समोरच्याच्या हातानं लांबचं.

मालनताईंचे हात आखूड आहेत. त्यामुळे अंतर ठरवायचा अधिकार बहुतेक वेळा त्यांचाच असायचा. हा नियम ऐकला तेव्हा त्या किती तरी वेळ हसत होत्या. आजवर आखूड हातांमुळे त्यांना वरच्या फळीवरचं कापड काढता आलं नव्हतं, बसमधला दांडा धरता आला नव्हता. आणि इथं परदेशातल्या कुणी तरी नियम करून ठेवला होता की आधी यांना विचारा.

परत आल्यावर इनामदार सर गॅस कटर घेऊन ती चुकलेली फ्रेम कापायला निघाले. ताईंनी त्यांना अडवलं. नवी सरकती फ्रेम करा, पण ही असू द्या, म्हणाल्या. सर वैतागले, चुकीची सवय जपून काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. ताईंचं उत्तर असं की इतक्या जवळून लढायला आपल्याशिवाय कुणालाच येत नाही, ते कशाला विसरायचं? तेव्हापासून हॉलमध्ये दोन फ्रेम आहेत. आधी नव्या फ्रेमवर नियमाचा सराव, मग जुन्या फ्रेमवर घाम.

पुढच्या काही वर्षांत ताईंनी राज्यात आणि देशात जे मिळवलं त्याची यादी या ग्रंथात दुसरीकडे आहे. मी एवढंच सांगतो की त्यांची पदकं दुकानात टेप आणि कात्र्या अडकवायच्या खुंटीला लटकलेली असतात. एकदा एका गिऱ्हाइकानं पदकाची फीत निरखून बघून, साडीला फॉल म्हणून असली मिळेल का, असं विचारलं होतं. ताईंनी शांतपणे सांगितलं, मिळंल, पण लई दिवस लागतील.

हा लेख लिहिणार हे कळल्यावर त्यांनी मला तंबी दिली, की 'जिद्द' हा शब्द घालायचा नाही आणि 'मात' हा तर मुळीच नाही. मी त्यांची आज्ञा पाळतो आहे. त्यामुळे पुढचा प्रसंग या दोन शब्दांशिवाय सांगणं जड जाणार आहे.

तुर्कस्तानच्या नेस्रिनबाई या ताईंच्या गटातल्या नावाजलेल्या खेळाडू. उंच, शांत, आणि हात असा लांब की आमचे सर म्हणायचे, ही बाई तिकडून चहा ढवळेल. परदेशातल्या एका स्पर्धेत ताई त्यांच्याशी पहिल्यांदा लढल्या तेव्हा सरांनी आग्रहानं लांबचं अंतर घ्यायला लावलं. तेवढंच सुरक्षित, असा त्यांचा विचार होता. ताईंनी ऐकलं आणि वाईट हरल्या. त्यानंतर त्यांनी लांबचं अंतर कधीच मागितलं नाही. दुसऱ्यांदा जवळून लढल्या आणि थोडक्यात हरल्या. तिसऱ्यांदा जिंकायचं, एवढं एकच त्या बोलून दाखवत.

त्याच सुमारास उजवा हात दगा द्यायला लागला. कात्री हातातून पडायची, टाका वाकडा जायचा. सोलापुरातल्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, की लहानपणी पोलिओ झालेल्यांना उतारवयात असं होतं. जे स्नायू वाचले त्यांनी आजवर जास्तीचं ओझं ओढलं, ते आता दमले आहेत. जेवढा हात वापराल तेवढा कमी होईल, आणि गेलेला परत येणार नाही. ताई एकट्या राहतात. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, सगळं या हातांच्या भरवशावर. हात गेला तर दुकान तर जाईलच, पण उठून बसायलाही कुणाची तरी वाट बघावी लागेल. आणि दोन महिन्यांवर इस्तंबूलची स्पर्धा आली होती.

आम्ही सगळ्यांनी त्यांना नको म्हटलं. सरांनी तर नाव मागे घ्यायची तयारी केली. मी दुकानात जाऊन बसलो आणि अर्धा तास व्याख्यान दिलं. मास्तरकी कुठे जाते? ताई काज करत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी दोरा तोडला.

"गुरुजी, कपाटात ठिवलेलं लुगडं बी घडीवर फाटतंय की," त्या म्हणाल्या. "हात समदा उधळणार न्हाय मी. पर त्यातला एक तुकडा त्या बाईसाठी कापून ठिवलाय."

त्या दोन महिन्यांत ताई नव्या फ्रेमवर बसल्याच नाहीत. फक्त जुन्या, चुकलेल्या फ्रेमवर बसायच्या, तेही थोडा वेळ. हात लांब फेकायचाच नाही. समोरच्याला आत येऊ द्यायचं आणि मनगटानं टिपायचं.

इस्तंबूलला संघात मीही होतो. माझ्या लढती लवकर आटोपल्या, हे सांगायची गरज नाही. उपांत्यपूर्व फेरीत ताईंच्या समोर नेस्रिनबाईच आल्या. हॉल त्यांचा, प्रेक्षक त्यांचे. ताईंची पकड सुटू नये म्हणून पंचांच्या परवानगीनं मी तलवार त्यांच्या हाताला बँडेजनं बांधली. हात बर्फासारखा गार होता. अंतराचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा पंचांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी स्वतःचा आखूड हात पुढे केला, म्हणजे जवळचं. नेस्रिनबाईंनी मान डोलावली. त्यांना ते अपेक्षितच होतं.

त्यांना आमची जुनी फ्रेम माहीत नव्हती. लढत सुरू झाली आणि ताई मागं झुकल्याच नाहीत. उलट पहिल्या क्षणापासून पुढं वाकून बसल्या, नियमातलं अंतर मोडत मोडत सोलापूरच्या अंतरावर. तो लांब हात मागं घ्यायला नेस्रिनबाईंना जागाच उरेना. तरी त्या कसलेल्या खेळाडू, त्यांनी वाट काढली, गुणांत पुढे गेल्या, ताईंनी गाठलं, पुन्हा पुढे गेल्या. पंधरा गुणांची लढत, शेवटी चौदा-चौदा. ताईंचं कोपर खाली येत होतं ते मला दिसत होतं. सर डोळे मिटून बसले होते. पंचांनी इशारा दिला, नेस्रिनबाई झेपावल्या, आणि ताईंनी मनगट फक्त एवढंसं वळवलं, जसं काज संपवताना वळवतात. वार लागल्याचा दिवा आमच्या बाजूचा लागला.

त्या हॉलमध्ये मी किती मोठ्यानं ओरडलो ते आठवत नाही. सर ढसाढसा रडत होते. उपांत्य फेरीत पोचल्यामुळे निदान ब्राँझ तरी नक्की झालं होतं, आणि पुढची प्रतिस्पर्धी तुलनेनं कच्ची होती. सुवर्णाच्या गोष्टी आमच्या तोंडात सुरू झाल्या. ताई बँडेज सोडत होत्या. ते सोडून त्यांनी नीट गुंडाळलं, माझ्या हातात दिलं आणि वैद्यकीय कारणानं माघार घेत असल्याचं सरांना पंचांकडे सांगायला लावलं. सर हात जोडून विनवत होते, एकच लढत, मालन, एकच.

"न्हाय सर," ताई म्हणाल्या. "कापून ठिवला हुता तेवढा संपला. ऱ्हायलेला हात मला घरी लागतोय."

मी आयुष्यात जिंकणारी माणसं थोडीफार पाहिली आहेत. पण कुठं थांबायचं ते आधीच ठरवून, सोनं समोर दिसत असताना तिथंच थांबणारं माणूस मी एकच पाहिलं. त्या ब्राँझच्या पदकाचा मला जितका अभिमान आहे तितका माझ्या स्वतःच्या कशाचाही नाही, हे मी इथं लिहून ठेवतो.

संध्याकाळी नेस्रिनबाई आपली खुर्ची ढकलत ताईंना शोधत आल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांनी खुणेनं विचारलं, इतक्या जवळून कुठं शिकलात? ताईंनी कागदी रुमालावर आमची फ्रेम काढून दाखवली, गुडघ्याला गुडघा. नेस्रिनबाई आधी बुचकळ्यात पडल्या, मग खो खो हसल्या, आणि तो रुमाल घडी करून त्यांनी खिशात ठेवला. त्या आता प्रशिक्षक आहेत. मागच्या वर्षी त्यांनी सरांच्या फोनवर एक फोटो पाठवला. त्यांच्या हॉलमध्ये एक नवी फ्रेम, खुर्च्या चिकटवल्यासारख्या जवळ, जोड पक्के मारलेले. तिथली मुलं त्या फ्रेमला 'सोलापूर' म्हणतात.

ताईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. उजव्या हातात जे उरलं आहे ते दुकानापुरतं आणि घरापुरतं आहे, आणि त्या ते बरोबर तेवढ्यासाठीच वापरतात. दर शनिवारी हॉलवर येतात, नव्या माणसांची पँट तपासतात, चुकलं की ओरडतात. त्या आता फक्त शिकवणार असं आम्ही धरून चाललो होतो. मागच्या शनिवारी मी पोचलो तर ताई जुन्या फ्रेमवर जाकीट चढवून बसलेल्या, आणि तलवार डाव्या हातात.

मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ह्यो इतकी वर्सं नुसती खुर्ची धरून बसलाय, गुरुजी. कोराच हाय की."

मी त्यांच्याच गळ्यातला टेप काढला आणि डावा हात मोजला. तो उजव्याहूनही बोटभर आखूड भरला.

ताई, म्हणजे अधिकार अजून तुमच्याकडेच आहे. एक ना एक दिवस आपल्या सगळ्यांसमोर जो येऊन बसणार आहे, त्याचा हात भल्याभल्यांपेक्षा लांब असतो. पण नियम म्हणजे नियम. त्यानंही आधी तुम्हाला विचारलं पाहिजे. लांबचं अंतर तुम्ही जन्मात एकदाच मागितलंत, तेही सरांच्या आग्रहाखातर, आणि तेव्हा हरलात, हे मला ठाऊक आहे. तरी आज आम्हा सर्वांच्या आग्रहाखातर आणखी एकदा मागा. तो समोर बसला की त्याला सांगा, खुर्ची मागं घे. अजून मागं. अजून.